दहाच्या पुढे

मेळघाटात एके काळी इतके वाघ होते, की जिप्सी पुढे काढायची तर आधी हॉर्न वाजवून त्यांना बाजूला करावं लागायचं. जंगलातला गाइड म्हणून एकतीस वर्षं मी हे वाक्य पर्यटकांना ऐकवलं. निवृत्त झाल्यावर चिखलदऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तेच वाक्य पुन्हा कामाला लावलं. वाक्य संपलं, की घास हातात धरून मी थांबायचो. मग स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

"त्या साली पस्तीस होते. आणि रस्त्यावर एकही नाही."

ही ज्योत्स्ना, माझी बायको. वनखात्यात प्राण्यांच्या मोजणीच्या टेबलावर तिची सगळी नोकरी गेली. आधी पंज्यांच्या ठशांचे साचे, नंतर झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो. कुठल्या वाघाच्या डाव्या कुशीवर दोन पट्टे जुळलेत, हे तिला तोंडपाठ. मी एकाचे वीस करायचे आणि तिने विसाचा एक करायचा, यावर आमचा चव्वेचाळीस वर्षांचा संसार झाला. मूलबाळ नाही. पाहुण्यांना वाटे, हे दोघांनी बसवलेलं आहे. बसवलेलं काही नव्हतं. मी फेकलं की ती झेलायची, एवढंच.

निवृत्तीनंतर ती मेश्रामताईंकडे बसायला जाऊ लागली. मेश्रामताई मूळच्या नागपूरच्या. जपानात एका डोंगरावरच्या मठात अकरा वर्षं राहून, डोकं भादरून परतल्या आणि आमच्या उतारावरची कॉफी वाळवायची जुनी शेड घेऊन तिथे झेनची बैठक सुरू केली. सावरीच्या कापसाच्या गोल गाद्या, भिंतीकडे तोंड, पाठ ताठ. श्वास मोजायचा. एक ते दहा, आणि दहा झाले की पुन्हा एक. कोणाला पेंग आली, की ताई मागून येऊन खांद्यावर सपाट लाकडी काठी मारत. ज्याला हवी तोही मागून घेऊ शके. हात जोडून मान एका बाजूला झुकवली, की मिळे.

मोजायला मिळतंय म्हटल्यावर ज्योत्स्ना रमली. मी चिडवायचो, की आता तरी फुकट मोजू नकोस, श्वासांचा अहवाल वनखात्याला पाठव. त्यावर ती म्हणायची, तुमचे दिवसाला किती होतात ते आधी कळू दे, निम्मे तर थापांत जातात.

अशी दहा वर्षं गेली. आणि २०४३ साली निवळी आली.

पूर्वी गढूळ पाण्याच्या भांड्याला आतून निवळीचं बी घासत. घटकाभरात गाळ तळाशी बसे. यंत्राला त्यावरूनच नाव दिलेलं. माणूस रिकामा बसला, तरी त्याच्या मेंदूतली काही ठाणी रिकामी बसत नाहीत. ती असतात कपाळामागे आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, मधल्या रेषेवर. हाताला काम नसलं की ती एकमेकांशी बोलू लागतात. काल तो मला काय म्हणाला, उद्या मी त्याला काय म्हणेन, माझं कसं होणार, लोक मला काय समजतील. ही जी अखंड कुजबूज, तिलाच आपण 'मी' म्हणतो. आत सिंहासनावर कोणी बसलेलं नाही. कुजबूजच बसली आहे. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांत ही कुजबूज मंद होते, हे शास्त्रज्ञांनी कधीच मोजून ठेवलं होतं. निवळीने तेच बाहेरून करायला घेतलं. डोक्यावर टोपी बसवायची. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर गोळा करावं, तशा कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी तिच्यातून या ठाण्यांवर गोळा करायच्या. चिरफाड नाही, औषध नाही. एकवीस बैठका.

कुजबुजीला शंभरपैकी आकडा देत. तुमचा-माझा साठाच्या आसपास. आकडा आहे म्हटल्यावर ज्योत्स्नाने अमरावतीला नाव नोंदवलं.

मेश्रामताईंनी तिला ना अडवलं, ना आशीर्वाद दिला. त्या एवढंच म्हणाल्या, की गाळ बसणं वेगळं आणि माठच फुटणं वेगळं, तू आपली बघ बाई. मी मात्र विचारलं, की आता सहासष्टाव्या वर्षी हे कशाला.

"दहा वर्षं एक ते दहा मोजतेय," ती म्हणाली. "दहाच्या पुढे काय असतं, ते एकदा बघायचंय."

अमरावतीचं उपचार केंद्र गावाबाहेरच्या एका बंगल्यात होतं. तिथल्या डॉक्टर राऊत, चाळिशीच्या, चटपटीत. त्यांनी ज्योत्स्नाला आत तपासायला नेलं आणि माझ्या हातात साठ प्रश्नांचा कागद दिला. त्याचं नाव घरच्यांचा तक्ता. यंत्राच्या बोगद्यात झोपलं की प्रत्येक जण साधू होतो, त्यामुळे तपासणीत कुजबूज कमी दिसते. खरी किती, ते घरच्या माणसाला ठाऊक. म्हणून तपासणीचा आकडा आणि तक्त्याचा आकडा यांची सरासरी काढून लहरींची मात्रा ठरवत. हे मला त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

मी व्हरांड्यात चहा घेऊन बसलो. पहिला प्रश्न: दिवसातून किती वेळा स्वतःशी बोलतात? मी लिहिलं, थांबतात कुठे. पर्याय आकड्याचा होता, म्हणून खोडून दोनशे केलं. जुना राग किती वेळा उकरून काढतात? चाळीस. 'माझं' हा शब्द किती वेळा? मोजून थकलो, तीनशे. तुमचं बोलणं दिवसातून किती वेळा दुरुस्त करतात? इथे मी जरा ऐटीत बसलो आणि लिहिलं, शंभर.

कागद आणि पेन दिलं म्हणजे पलीकडे वाचणारा आहे, आणि वाचणारा आहे म्हणजे त्याला हसवायला हवं, एवढंच मला एकतीस वर्षांत कळलं होतं. आणि मागून कोणीतरी दुरुस्त करेल, ही सवय. पण ती आत टोपी घालून झोपली होती. कारकुनाने आकडे जसेच्या तसे यंत्रात भरले.

नोव्हेंबरअखेर एकवीस बैठका संपल्या आणि मी तिला घरी आणलं.

पहिले आठ दिवस मी गावभर सांगत होतो, की आमच्याकडे साक्षात्कार झालाय, चपला बाहेर काढून या. ज्योत्स्ना खिडकीशी बसायची. दरीतून धुकं वर यायचं, ते बघायची. चेहरा असा, की चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. कपाळावरची उभी आठी गेलेली. भांडण नाही, कुरबूर नाही. कप हातात दिला तर चहा घ्यायची. नाही दिला तर नाही.

मग अकोल्याचं एक कुटुंब राहायला आलं. जेवताना मी वाघ आणि हॉर्नचं वाक्य टाकलं आणि घास धरून थांबलो. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, बाकी काही नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी आवाज चढवला आणि म्हणालो, त्या साली पाचशे वाघ होते.

काही नाही.

"पाचशे?" पाहुणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

झोपाळ्यावर बसलेलं असताना एका बाजूची कडी निखळावी, तसं झालं मला. मीच पुढे म्हणालो, की पस्तीस हो, पस्तीस. त्यांनी पाचशे खोडून पस्तीस केलं. हसलं कोणी नाही. त्यानंतर मी पाहुणे घेणं बंद केलं.

तिला नावाने हाक मारली तर ती वळत नसे. बहिरी नव्हती. पाखराचा आवाज जसा पोचतो, तसं तिचं नाव तिच्यापर्यंत पोचायचं आणि पुढे निघून जायचं. खांद्याला हात लावला की बघायची, छान हसायची. झाडाकडे बघूनही तशीच हसायची.

एका सकाळी मी परातीत ज्वारीचं पीठ मळून तिच्यापुढे ठेवलं. ती भाकरी थापायला लागली. मी आंघोळीला गेलो. परत आलो तर टोपली भरून बाजूच्या ताटावर चळत लागलेली, आणि ती शांतपणे थापतेच आहे. पीठ संपलं तेव्हा थांबली. तेवीस भाकरी. दोन माणसांना तेवीस. मी मोजल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी काहीतरी बरोबर मोजलं, आणि ते कोणाला सांगणार.

कुकरला सांगितलं. खोटं नाही, त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात उभा राहून कुकरला गोष्टी सांगत असे. तो निदान मध्ये शिटी द्यायचा.

मेश्रामताई एकदा स्वतःहून आल्या. ज्योत्स्नाशेजारी खिडकीशी अर्धा तास बसल्या. मग मला म्हणाल्या, हाक मारा बरं. मी मारली. ज्योत्स्ना धुकं बघत राहिली.

"हे जागं होणं नाही, भाऊ," ताई म्हणाल्या. "जागा माणूस हाक मारली की ओ देते. ओ देणारा कोण, ते शोधून राहिलं तर सापडत नाही, हे त्याले कळलेलं असते. तरी तो ओ देते. हिचं सामानच कोणी उचलून नेलं."

चाळिसाव्या दिवशी मी तिला घेऊन अमरावतीला गेलो. डॉक्टर राऊतांनी आकडा काढला. चार. त्यांनी पुन्हा काढला, पुन्हा चार. बाकी लोक वीस-बावीसवर थांबतात, म्हणाल्या. त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. उपचाराआधी तपासणीत ज्योत्स्नाचा आकडा एकतीस आला होता. दहा वर्षांच्या बैठकीने ती आपली आपणच अर्ध्यावर आली होती. आणि घरच्यांच्या तक्त्यात अठ्ठ्याऐंशी. यंत्राने मधला धरला आणि जिला जेमतेम एक फुंकर हवी होती, तिच्यावर वादळ सोडलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, तक्ता नीट भरला होता ना तुम्ही?"

मी म्हणालो, "अगदी नीट."

का म्हणालो? लाज वाटली म्हणून. त्या मान हलवून म्हणाल्या, मग मेंदूच वेगळा असेल. आणि त्यांनी पुढचं सांगितलं. मी जंगलातला, म्हणून जंगलातल्या भाषेत सांगितलं. पेशींमधली वाट ही पायवाटेसारखी असते. रोज कोणी चाललं तर राहते, पाऊल पडायचं थांबलं की टणटणी माजते. निवळीने वाट फक्त बंद केली आहे, मोडलेली नाही. पण शंभर दिवस कोणी चाललं नाही, तर मोडेल. मग कोणाच्या हातात काही नाही.

घरी येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तो खांदा कोणाचा आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मला होतं. परतवाड्यापासून वरपर्यंत मी हललो नाही.

त्यानंतरचे वीस दिवस मी गप्प बसलो. स्वतःला समजावत होतो, की ती सुखात आहे. एकदा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "तुला परत यायचंय का?"

तिने विचार केला. खरोखरच केला.

"कोणाला?" ती म्हणाली.

एकसष्टाव्या दिवशी मी मेश्रामताईंच्या शेडमध्ये जाऊन बसलो. दहा वर्षांत मी तिथे फक्त छत्री द्यायला गेलो होतो. गादीवर पाय दुमडेनात, गुडघे डोंगरासारखे वर आलेले. भिंतीकडे तोंड करून श्वास मोजायला लागलो. तीनवर पोचलो, की आठावर उडी मारायचो. श्वासांतही मला थाप मारल्याशिवाय राहवत नव्हतं. शेवटी हात जोडले आणि मान झुकवली. मागून पावलं आली. उजव्या खांद्यावर दोन, डाव्या खांद्यावर दोन. ताईंनी हात राखला नाही. मी तिथेच, भिंतीला सगळं सांगितलं. चाळीस राग, तीनशे 'माझं', शंभर दुरुस्त्या. इतर लोक आपापले श्वास सोडून ऐकत असणार.

ताई म्हणाल्या, "अकराची गाडी आहे अमरावतीची. भिंतीले सांगून काय होते?"

डॉक्टर राऊत माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, तुम्ही काय लिहिलं ते आम्ही वाचायला हवं होतं, दिवसाला तीनशे कोणाचंही येत नाही. त्यांनी फाइलमधून आणखी एक कागद काढला. तो ज्योत्स्नाने भरलेला. शेवटी एक रकाना होता: उपचारानंतर कोणती एक गोष्ट तशीच राहावी? तिच्या बारीक, सुट्या अक्षरात एकच शब्द होता. मोजणी.

तोपर्यंत माझ्या मनात होतं, की मी तिला परत ओढतोय ते माझ्या एकटेपणापायी. तसं ते होतंच. पण मोजणी तिने मागितली होती, आणि ती माझ्या शंभराखाली दबली होती.

उलटा उपचार असा. छोटी टोपी घरी न्यायची. ती एरवी फक्त ऐकते. मी ज्योत्स्नासमोर बसून तिच्या आयुष्यातले प्रसंग सांगायचे. एखाद्या प्रसंगाने 'हे माझं' अशी ठिणगी त्या वाटेवर पडली, की टोपी अगदी हलकासा धक्का देऊन ती विझू देणार नाही. डॉक्टरांनी बजावलं, की जे घडलं तेच सांगा, काका. वाढवू नका. खोटं तिचं नाही, ते तिच्या वाटेवर पडणारच नाही.

पासष्टाव्या दिवसापासून मी रोज सकाळी खरं सांगायला बसलो. लग्न अचलपूरला झालं, अडीचशे माणसं होती. मी चार हजार सांगत आलो होतो. तुझी पहिली बदली धारणीला. तुझे बाबा गेले तो मंगळवार. तिला आवडणाऱ्या साड्यांचे रंग मला आठवत नव्हते, ते कपाट उघडून बघितले. शेजारी छोट्या पडद्यावर आकडा. चार. कधी पाच, की पुन्हा चार. मी सांगत होतो ते सगळं खरं होतं आणि ते ऐकताना मलाच झोप येत होती. मीठ नसलेलं वरण. ती मात्र लक्ष देऊन ऐकायची, जसं नळाचं पाणी ऐकायची.

दिवस जात राहिले. ऐंशी. नव्वद. मोहाची फुलं पडायला लागली आणि त्या वासाने मला माझी एक गोष्ट आठवली, जी तेवढी मी या सकाळच्या बैठकांत टाळली होती.

ती सात अस्वलांची गोष्ट. माझी सगळ्यात गाजलेली. लग्नाचं पहिलं वर्ष, मोहाचे दिवस, मी नव्या बायकोला जंगल दाखवायला नेलेलं. मोहाखाली सात अस्वलं. मी तिला पाठीशी घातलं आणि हातात एक जळतं फाटं घेऊन सातही पिटाळली. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून येणारी दुरुस्ती एकच असे: "सात नाही, एक." बाकी गोष्टीला तिने कधी हात लावला नाही. कधीच नाही. भांडणात नाही, माहेरी नाही, मी तिच्या कामाच्या लोकांसमोर ऐट मारत होतो तेव्हाही नाही.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी मी टोपी तिच्या डोक्यावर बसवली आणि समोर बसलो.

सात नव्हती, मी म्हणालो. एक होतं. जळतं फाटं नव्हतं, माझ्या हातात काही नव्हतं. ते दोन पायांवर उभं राहिलं आणि मी पळालो. शेजारच्या सालईवर चढलो. तुला हात दिला नाही, हाकही मारली नाही. तू खाली होतीस, निळ्या पातळात. मी फांदीला मिठी मारून डोळे मिटून घेतले होते. तुझा आवाज येत होता. तू मोजत होतीस. मोठ्याने, सावकाश. उतरलो तेव्हा अस्वल गेलं होतं, आणि तू माझ्या शर्टाला लागलेली साल झटकलीस. चव्वेचाळीस वर्षं मी ही गोष्ट उलटी सांगितली. तू एकटी उभी होतीस तिथे, आणि शंभरपर्यंत मोजलंस.

शंभर हा आकडा तोंडून कसा निघाला, मला कळलं नाही. शपथेवर सांगतो, ठरवून नाही.

पडद्यावर चारचे सात झाले. मग अकरा. तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, ती जुनी उभी आठी उमटायला लागली.

"दहापर्यंत," ती म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा. "अकरा आठवेना. म्हणून पुन्हा एकपासून."

मी हललो नाही. त्या अस्वलासमोर ती जशी उभी राहिली असेल, तसा बसून राहिलो.

"आणि एकटी नव्हते मी. अस्वल होतं." खूप लांबून काहीतरी ओढून आणावं, तसे तिचे ओठ हलले. "एकटे तुम्ही होता. वर."

डॉक्टर राऊतांनी नंतर मला उलगडून सांगितलं. लग्न, बदली, साड्या, या वाटा तिच्या होत्या, पण त्यांवरून ती फारशी चालली नव्हती. सात अस्वलांची गोष्ट मात्र मी जितक्या वेळा सांगितली, तितक्या वेळा तिने आतल्या आत मी झाडावर चढल्याची खरी गोष्ट उचलली आणि गिळली. प्रत्येक गप्प बसण्याला एक फेरी. चव्वेचाळीस वर्षांत ती वाट इतकी तुडवली गेली होती, की वादळानेही ती पुसली नाही. तिच्यातला सगळ्यात घट्ट 'मी' म्हणजे माझी झाकलेली लाज. हे ऐकून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. त्याच बाकावर, जिथे तक्ता भरला होता.

पूर्ण आली का ती? नाही. आकडा सतराच्या पुढे सरकला नाही, आणि सरकणार नाही म्हणतात. हाक मारली तर बहुतेक वेळा ओ येते, कधी जरा उशिरा. मोजते. सकाळी शेडमध्ये मेश्रामताईंकडे जाते, एक ते दहा, पुन्हा एक. भाकरी चारच करते. पण कित्येक दिवस असे जातात, की ती खिडकीशी असते आणि मी मेळघाटात नऊशे वाघ सोडले, तरी घरात एकही दुरुस्ती होत नाही. त्या दिवशी मीच हळूच माझे वाघ परत पिंजऱ्यात घालतो. शेजारी माणूस असताना एकटं राहणं कसं असतं, याचा मी आता जाणकार आहे. सालईच्या फांदीवर चढलो तो अजून पुरता उतरलेलो नाही, असं समजा.

सहा महिन्यांची फेरतपासणी जवळ आलीय, त्यासाठी काल डॉक्टरांनी पुन्हा घरच्यांचा तक्ता पाठवला. तेच साठ प्रश्न, वर लाल शाईत एक ओळ: काका, मोजून भरा. मी दिवसभर वही घेऊन तिच्या मागे होतो. स्वतःशी बोलणं, सहा. जुना राग, शून्य. 'माझं', दोनदा, दोन्ही वेळा चष्म्याबद्दल. मग तो प्रश्न आला. तुमचं बोलणं आज किती वेळा दुरुस्त केलं?

दिवस मावळत आला होता. मी सकाळपासून चार थापा मारून बघितल्या होत्या, एकही झेलली गेली नव्हती. पेन रकान्यावर धरून बसलो. शून्य लिहायला हात होईना. दहा लिहायची तर हिंमतच राहिली नव्हती. शेवटी एक लिहिला. एवढी एक थाप यंत्राने चालवून घ्यावी म्हणून.

ज्योत्स्ना चहाचा कप ठेवायला आली. कागद सरळ करून तिने वाचला, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला. त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "आज एकदाही नाही."

आणि कप ठेवून खिडकीकडे निघून गेली. मी कागदाची घडी घालून पाकिटात टाकली. आकडा बदलायची आता गरज नव्हती.